मुक्त स्रोत परवाने आणि आजची सॉफ्टवेअर-रचना: नवोदितांसाठी मार्गदर्शक

जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या मुक्त स्रोत परवान्याची, म्हणजे कोड कोणत्या अटींवर वापरता, बदलता आणि वाटता येईल हे सांगणाऱ्या मजकुराची, दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये आली. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे बहुधा सी भाषेत लिहिलेला, एका यंत्रावर कंपाइल केलेला आणि टेपवरून किंवा फ्लॉपीवरून दुसऱ्याच्या हाती दिला जाणारा संच असे. म्हणूनच त्या परवान्याने स्वतःची कक्षा तीनच क्रियांपुरती आखून घेतली: प्रत काढणे, बदल करणे आणि वितरण करणे. प्रोग्रॅम नुसता चालवण्यावर त्यात कोणतेही बंधन नाही. आज मात्र एखादे साधे ॲपदेखील शेकडो लायब्रऱ्यांवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोड-संचांवर) उभे असते. त्याचा एक भाग वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये धावतो, दुसरा भाड्याच्या सर्व्हरवर धावतो, आणि हे सगळे कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र ठेवणाऱ्या डब्यात) बांधून एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवले जाते. परवान्यांची भाषा जुनी आणि रचना नवी असल्यामुळे नवोदितांचा गोंधळ उडतो, आणि मग बहुतेक जण परवाना वाचायचाच सोडून देतात.

हा गोंधळ दूर करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे परवान्याच्या मजकुराआधी आपल्या सॉफ्टवेअरची रचना वाचणे. प्रत्येक घटकाबाबत दोन प्रश्न विचारायचे: त्याची प्रत कुणाच्या हाती जाते, आणि तो आपल्या कोडला कशा प्रकारे जोडलेला आहे? ही उत्तरे हाताशी असली, तर परवान्यातील कोणते कलम आपल्याला लागू होते हे ओळखणे पुष्कळ सोपे होते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. प्रत्यक्ष कायदेशीर वाद उभा राहिल्यास वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल, पण बहुतेक वाद टाळण्यासाठी लागणारे काम प्रोग्रॅमरच्याच हातात असते.

पहिली पायरी: प्रतींचा नकाशा काढा

उदाहरणादाखल गृहनिर्माण संस्थांना देखभाल शुल्काचा हिशेब ठेवता यावा म्हणून केलेले एक वेब ॲप घेऊ. सभासदांना दिसणारा भाग रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत आहे आणि सर्व्हरवर पायथनमधील जँगो ही वेब ॲप बांधण्याची चौकट आहे. माहिती पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठते आणि तिच्याशी बोलण्यासाठी सायकोपीजी ही लायब्ररी आहे. पावत्या पीडीएफ स्वरूपात तयार होतात, अक्षरांसाठी मुक्ता हा फॉन्ट वापरला आहे आणि सर्व्हरचा सगळा पसारा डॉकर या कंटेनर-साधनाच्या इमेजमध्ये, म्हणजे कंटेनरच्या तयार साच्यात, बांधलेला आहे.

आता एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात, प्रत आपल्याच ताब्यातील यंत्रावर राहते असे घटक लिहा. दुसऱ्यात, प्रत वापरणाऱ्याच्या यंत्रावर पोहोचते असे. आणि तिसऱ्यात, प्रत एखाद्या ग्राहकाला, भागीदाराला किंवा सार्वजनिक भांडाराला दिली जाते असे. आपल्या उदाहरणात जँगो, सायकोपीजी आणि पोस्टग्रेएसक्यूएल पहिल्या रकान्यात बसतात, तर रिॲक्ट आणि मुक्ता दुसऱ्यात. डॉकरची इमेज आपल्याच सर्व्हरवर चालत असेल तर ती पहिल्या रकान्यात राहील, पण उद्या एखाद्या मोठ्या संस्थेने ‘आमच्याच यंत्रावर बसवून द्या’ असे म्हटले, तर ती पूर्ण इमेज तिसऱ्या रकान्यात जाईल, आणि तिच्यासोबत आतील प्रत्येक घटकाची वितरणाची जबाबदारीही येईल.

पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत काम करणाऱ्यांनी तिसरा रकाना विशेष लक्ष देऊन भरावा. परदेशातील ग्राहकासाठी तयार केलेला कोड त्याच्या सुपूर्द करणे हेही वितरणच आहे. तो ग्राहक कोड जगासमोर मांडणार नसला, तरी आपल्या हातून त्याच्या हाती प्रत गेलेली असते.

दुसरी पायरी: परवान्यांची कुळे ओळखा

परवान्यांची नावे पुष्कळ आहेत, तरी सुरुवातीला चार कुळे ओळखता आली तरी पुरे.

पहिले कूळ उदार परवान्यांचे: एमआयटी, बीएसडी, आयएससी आणि अपाची २.०. कोड वापरा, बदला, विका, बंदिस्त उत्पादनात घाला. फक्त मूळ प्रताधिकाराची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, ही त्यांची मुख्य अट. २००४ सालच्या अपाची २.० मध्ये पेटंटसंबंधी स्पष्ट परवानगी आहे आणि बदललेल्या फाइलींवर तशी नोंद करण्याची अटही आहे. पेटंटचा मुद्दा पुस्तकी वाटत असेल, तर रिॲक्टचा इतिहास पाहावा. फेसबुकने रिॲक्टला बीएसडी परवान्याशेजारी पेटंटविषयी एक वेगळे कलम जोडले होते. जुलै २०१७ मध्ये अपाची परवान्यामागील संस्थेने, अपाची फाउंडेशनने, आपल्या प्रकल्पांना असा कोड घेण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिॲक्ट एमआयटी परवान्याखाली आणले गेले.

दुसरे कूळ मर्यादित परतफेडीचे, म्हणजे एलजीपीएल आणि एमपीएल २.०. या परवान्यांखालील लायब्ररीत तुम्ही केलेले बदल खुले करावे लागतात, पण तिच्याभोवतीचा तुमचा स्वतःचा कोड खुला करावा लागत नाही. एमपीएल ही सीमा फाइलनुसार आखतो, त्यामुळे तो नव्या रचनांमध्ये सहज बसतो. एलजीपीएलची सीमा जोडणीच्या पद्धतीवर अवलंबून असते, आणि अडचण तिथेच येते. तिच्याकडे पुढे येऊ.

तिसरे कूळ पूर्ण परतफेडीचे, म्हणजे जीपीएल. जीपीएलखालील कोड ज्या कृतीत मिसळला, त्या संपूर्ण कृतीचे वितरण जीपीएलखालीच करावे लागते. चौथे कूळ एजीपीएलचे. यात प्रत कुणाच्या हाती दिली नाही, तरी जाळ्यावरून (नेटवर्कवरून) सेवा दिल्यामुळे जबाबदारी येऊ शकते.

ज्या कोडला परवानाच नाही, तो मुक्त समजण्याची चूक नवोदितांकडून फार होते. प्रताधिकार नोंदणी न करताही आपोआप निर्माण होतो, आणि भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींमध्ये आहे. त्यामुळे गिटहबवर नुसता दिसणारा, पण परवाना नसलेला कोड आपल्या उत्पादनात घेण्याची परवानगी तुम्हाला कुणीही दिलेली नसते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेल्या तुकड्यांनाही परवाना आहे: क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देण्याची आणि त्याच अटींवर पुढे देण्याची सक्ती असलेला.

तिसरी पायरी: पूर्ण यादी करा, अगदी तळापर्यंत

तुम्ही स्वतः बसवलेल्या लायब्रऱ्या दहा-पंधरा असतील. त्या लायब्रऱ्यांनी स्वतःसाठी ओढून आणलेल्या त्याच्या कितीतरी पट असतात. परवाना मात्र साखळीतील प्रत्येकीचा लागू होतो. याचे मी पाहिलेले सर्वांत बोलके उदाहरण रुबी ऑन रेल्स या वेब ॲपच्या चौकटीच्या जगातले आहे आणि ते सविस्तर सांगण्याजोगे आहे.

रेल्स एमआयटी परवान्याखाली आहे. फाइली साठवण्यासाठी त्यात ॲक्टिव्ह स्टोरेज हा भाग आहे. फाइलीचा प्रकार ओळखण्यासाठी तो मार्सेल नावाच्या लायब्ररीवर अवलंबून होता, आणि मार्सेल पुढे माइममॅजिक नावाच्या लायब्ररीवर. माइममॅजिकवरही एमआयटीचाच शिक्का होता. पण तिच्या पोटात फाइल-प्रकारांची माहिती देणारी एक एक्सएमएल फाइल होती. ती शेअर्ड-माइम-इन्फो या प्रकल्पातून घेतलेली होती, आणि तो प्रकल्प जीपीएलखाली होता. मार्च २०२१ मध्ये ही बाब त्या प्रकल्पाच्या बाजूने निदर्शनास आणून दिली गेली. तेव्हा माइममॅजिकच्या सांभाळकर्त्याने नव्या आवृत्त्या जीपीएलखाली काढल्या आणि जुन्या आवृत्त्या भांडारातून मागे घेतल्या. परिणामी, माइममॅजिकचे नावही ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा असंख्य प्रकल्पांची बांधणी (बिल्ड) एकाएकी अडून बसली. पुढे माइममॅजिक ती फाइल वगळून पुन्हा एमआयटीखाली आली, मार्सेलने अपाची टिका या प्रकल्पातील माहिती वापरायला घेतली, आणि रेल्सने नव्या आवृत्त्या काढून माइममॅजिकला निरोप दिला.

या घटनेतून यादी करणाऱ्याने दोन गोष्टी उचलाव्यात. परवाना केवळ कोडला नसतो, सोबतच्या माहितीच्या फाइली, चित्रे आणि फॉन्ट यांनाही असतो. आणि पॅकेजवर लिहिलेला परवाना हा त्या पॅकेजच्या लेखकाचा दावा असतो. तो चुकीचा असू शकतो.

यादी हाताने करू नका. पायथनसाठी पिप-लायसेन्सेस आणि जावास्क्रिप्टसाठी लायसन्स-चेकर यांसारखी साधने पॅकेजवर घोषित केलेले परवाने गोळा करतात; स्कॅनकोड हे साधन त्यापुढे जाऊन प्रत्यक्ष फाइली उघडते आणि त्यांतील प्रताधिकाराच्या सूचना शोधते. यादी एसपीडीएक्स या पद्धतीने ठेवावी. २०२१ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आहे आणि तीत प्रत्येक परवान्याला ठरावीक ओळखनाम असते. लिनक्स कर्नलनेही (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यानेही) २०१७ पासून आपल्या फाइलींच्या शिरोभागी हीच ओळखनामे लिहायला सुरुवात केली. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची अशी यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा मुख्य हेतू सुरक्षा असला, तरी तीच यादी परवान्यांसाठीही उपयोगी पडते.

चौथी पायरी: जोडणी कशी आहे ते पाहा

परवाने आणि आजची रचना यांच्यातील ताण सर्वांत जास्त इथे जाणवतो. एलजीपीएल लिहिला गेला तो सी भाषेतील लायब्रऱ्यांना समोर ठेवून. त्याच्या २.१ आवृत्तीत दहा किंवा त्याहून कमी ओळींच्या छोट्या इनलाइन फंक्शनांना दिलेली वेगळी सवलत आहे, ती सी मधील हेडर फाइलींच्या, म्हणजे लायब्ररीचा काही कोड थेट आपल्या प्रोग्रॅममध्ये आणणाऱ्या फाइलींच्या, जगातूनच आलेली. एलजीपीएलचा गाभा असा: वापरणाऱ्याला लायब्ररीची स्वतः सुधारलेली प्रत जुन्या प्रतीच्या जागी बसवता आली पाहिजे. लायब्ररी वेगळ्या फाइलीत राहून प्रोग्रॅम चालताना जोडली जात असेल, तर ही अट जवळजवळ आपोआप पूर्ण होते. पायथनमध्येही तसेच घडते. आपल्या उदाहरणातील सायकोपीजी एलजीपीएलखाली आहे, पण ती स्वतंत्र पॅकेज म्हणून राहते आणि कुणालाही बदलता येते, म्हणून चिंता नाही.

गो आणि रस्ट या भाषांत मात्र सर्व लायब्रऱ्या सहसा एकाच फाइलीत घट्ट विणल्या जातात. तशी फाइल वितरित करायची आणि तीत एलजीपीएलखालील लायब्ररी असेल, तर वापरणाऱ्याला नव्याने जोडणी करता येईल इतके साहित्य, म्हणजे आपल्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेल्या, पण अजून न जोडलेल्या) किंवा सोर्स कोड, द्यावे लागते. बंदिस्त उत्पादन करणाऱ्याला हे क्वचितच परवडते. म्हणूनच रस्टच्या जगात ‘एमआयटी किंवा अपाची २.०, तुम्ही निवडा’ असा दुहेरी परवाना रूढ झाला आहे. त्या दुहेरीपणालाही अर्थ आहे. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० आणि केवळ जीपीएल आवृत्ती २ यांचा मेळ बसत नाही. अपाचीमुळे पेटंटचे संरक्षण मिळते, आणि जीपीएल २ च्या प्रकल्पाला हवा तेव्हा एमआयटीचा पर्याय उचलता येतो.

आता वेगवेगळ्या सेवांत विभागलेल्या रचनेचा विचार करू. दोन प्रोग्रॅम एकमेकांत न मिसळता केवळ पाइपमधून, सॉकेटवरून किंवा कमांडच्या ओळीवरून एकमेकांशी बोलत असतील, तर ते सहसा स्वतंत्र प्रोग्रॅम समजले जातात, असे उत्तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने जीपीएलविषयीच्या आपल्या प्रश्नोत्तरांत दिले आहे. मात्र त्यांच्यातील देवाणघेवाण फारच घनिष्ठ असेल, म्हणजे ते आतील गुंतागुंतीच्या रचना एकमेकांना पुरवत असतील, तर ते एकच कृती ठरू शकतात, हेही त्याच उत्तरात सांगितलेले आहे. हे परवान्याच्या लेखकांचे मत आहे, न्यायालयाचा निर्णय नाही, हे विसरू नये. तरीही त्यातून मिळणारी कसोटी व्यवहारात चांगली चालते: समोरचा प्रोग्रॅम काढून त्याच्या जागी तसेच काम करणारा दुसरा बसवता येतो का? येत असेल, तर तुमची सीमा खरी आहे. केवळ जीपीएलची अट चुकवण्यासाठी मध्ये एक पातळ सेवा उभी केली असेल आणि दोन्ही बाजू एकमेकींशिवाय निरर्थक असतील, तर त्या सीमेवर भरवसा ठेवू नये, असे मला ठामपणे वाटते.

काही प्रकल्पांनी ही सीमा स्वतःच लिहून ठेवली आहे. लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ खाली आहे, पण नेहमीच्या सिस्टिम कॉलद्वारे (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो त्या ठरलेल्या मार्गाने) कर्नलच्या सेवा वापरणारे प्रोग्रॅम त्या परवान्याच्या कक्षेत येत नाहीत, अशी नोंद त्याच्या परवान्यासोबतच आहे. जावाच्या ओपनजेडीके या मुक्त रूपाला क्लासपाथ अपवाद (तिच्या लायब्रऱ्यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमना सूट देणारे कलम) जोडलेला आहे, म्हणूनच जावामध्ये लिहिलेला तुमचा प्रोग्रॅम जीपीएलखाली जात नाही. म्हणून परवान्याचे नाव दिसताच थांबू नका. त्याला जोडलेला अपवादही वाचा.

पाचवी पायरी: ब्राउझरकडे आणि फोनकडे जाणारा कोड तपासा

‘आम्ही तर फक्त सेवा देतो, वितरण करतच नाही’ हे वाक्य वेब ॲप करणाऱ्यांच्या तोंडी असते, आणि ते अर्धेच खरे असते. सभासदाने पान उघडले की रिॲक्ट, त्याच्यासोबतच्या सर्व जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या आणि तुमचा स्वतःचा कोड यांची प्रत त्याच्या यंत्रावर उतरते. हे वितरणच आहे. जावास्क्रिप्ट लहान करणारी साधने टिप्पण्या काढून टाकतात आणि त्यांच्यासोबत एमआयटी परवान्याच्या सूचनाही उडू शकतात, म्हणजे त्या परवान्याची जवळजवळ एकमेव अट मोडली जाते. बहुतेक बांधणी-साधनांत परवान्याच्या टिप्पण्या राखून ठेवण्याची किंवा त्या वेगळ्या फाइलीत काढण्याची सोय असते. ती सुरू करा, आणि तयार झालेली फाइल खरोखर सर्व्हरवर चढते आहे का हे स्वतः उघडून पाहा.

फॉन्टचेही इथेच पाहावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे. असा फॉन्ट व्यावसायिक ॲपमध्ये घालता येतो, वेबवरून पाठवता येतो, बदलताही येतो. केवळ तो एकटाच विकता येत नाही, आणि लेखकांनी एखादे नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टला ते देता येत नाही. त्या फॉन्टमध्ये छापलेल्या पावतीवर मात्र या परवान्याचे कोणतेही बंधन येत नाही.

फोनवरील ॲपच्या बाबतीत ॲप मिळणाऱ्या दुकानाच्या (ॲप स्टोअरच्या) अटी हा आणखी एक पक्ष असतो. व्हीएलसी हा प्रसिद्ध प्लेअर जानेवारी २०११ मध्ये ॲपलच्या दुकानातून हटवला गेला, कारण दुकानाच्या अटी आणि जीपीएल यांचा मेळ बसत नसल्याची तक्रार त्याच्याच एका विकासकाने केली होती. पुढे त्याच्या गाभ्याचा परवाना एलजीपीएल करण्यासाठी कितीतरी लेखकांची संमती घ्यावी लागली आणि २०१३ मध्ये तो आयफोनवर परतला.

सहावी पायरी: कंटेनर उघडून पाहा

डॉकरची इमेज म्हणजे थरांवर थर. सर्वांत वरच्या थरात तुमचा कोड असतो, आणि खाली एक छोटी पण पूर्ण कार्यप्रणाली असते. डेबियन या लिनक्स-प्रकारावर आधारलेली इमेज घेतली तर तिच्यात जीपीएल आवृत्ती ३ खालील बॅश (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) आणि एलजीपीएलखालील जीलिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) येते. अल्पाइन या दुसऱ्या लिनक्स-प्रकारावर आधारलेली घेतली तर त्यांच्या जागी एमआयटीखालील मसल ही सी लायब्ररी आणि जीपीएल आवृत्ती २ खालील बिझीबॉक्स हा आज्ञांचा संच येतो. यामुळे तुमचा कोड जीपीएलखाली जात नाही, कारण एकाच माध्यमावर शेजारी ठेवलेले स्वतंत्र प्रोग्रॅम ही केवळ एकत्र मांडणी असते, हे जीपीएलमध्येच स्पष्ट लिहिले आहे. पण ती इमेज तुम्ही ग्राहकाला दिली किंवा सार्वजनिक भांडारात टाकली, तर त्या बॅशचे आणि बिझीबॉक्सचे वितरक तुम्हीही ठरता, आणि त्यांचा सोर्स कोड पुरवण्याची जबाबदारी तुमच्यावरही येते.

जीपीएल आवृत्ती २ मध्ये यासाठी सोर्स कोड सोबत देणे किंवा किमान तीन वर्षे वैध असा लेखी प्रस्ताव देणे, असे मार्ग आहेत. मला व्यवहारात सोयीची वाटणारी पद्धत अशी: आधाराची इमेज नेमक्या आवृत्तीने बांधून ठेवा, तीत असलेल्या पॅकेजांची यादी इमेज तयार होतानाच काढा, आणि त्या आवृत्त्यांचे सोर्स पॅकेज आपल्याकडे उतरवून जपून ठेवा. डेबियन किंवा अल्पाइनच्या संकेतस्थळावर ते कायम राहतील असे गृहीत धरू नका. आणखी एक बारकावा असा की एका थरात घातलेली फाइल पुढच्या थरात पुसली, तरी ती खालच्या थरात तशीच राहते आणि इमेजबरोबर प्रवास करते. नको असलेला घटक मुळात आत येऊच नये यासाठी बांधणी एका इमेजमध्ये करून तयार फाइली दुसऱ्या कोऱ्या इमेजमध्ये उचलून न्याव्यात.

सातवी पायरी: सर्व्हरवरच राहणाऱ्या कोडचा विचार करा

पहिल्या रकान्यातील घटकांबाबत जीपीएल बहुतांशी मौन पाळतो. सुधारलेला जीपीएल प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरवर चालवून जगभर सेवा दिली, तरी प्रत कुणाच्या हाती न गेल्यामुळे सोर्स कोड देण्याची जबाबदारी येत नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिचे १३वे कलम सांगते की तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केला असेल, तर जाळ्यावरून त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या सर्वांना त्या सुधारलेल्या आवृत्तीचा सोर्स कोड मिळवण्याची संधी दिली पाहिजे.

आपल्या उदाहरणात ही अडचण पीडीएफ पावत्यांच्या वाटेने येऊ शकते. पायथनमध्ये पीडीएफ हाताळणारी पायएमयूपीडीएफ ही लायब्ररी लोकप्रिय आहे, आणि ती एजीपीएल किंवा पैसे मोजून घ्यायचा व्यावसायिक परवाना अशा दुहेरी अटींवर मिळते. तिला आपल्या जँगो कोडमध्ये आयात केले, तर आपला संपूर्ण सर्व्हर-कोड त्या कृतीचा भाग ठरण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. याउलट पीडीएफ तयार करणारी वीझीप्रिंट ही लायब्ररी बीएसडी परवान्याखाली आहे. ती मजकूर मांडणाऱ्या ज्या पँगोवर अवलंबून असते तो एलजीपीएलखाली, आणि मराठीतील जोडाक्षरे नीट जुळवणारे हार्फबझ उदार परवान्याखाली आहे. बंदिस्त कोड ठेवायचा असेल तर दुसरा मार्ग निवडा; कोड खुलाच करायचा असेल तर पहिलाही उत्तम आहे. एजीपीएलला घाबरून त्यापासून पळण्याचे कारण नाही. त्याची मागणी स्पष्ट आहे आणि ती आधी कळली तर पूर्ण करणेही सोपे आहे.

एजीपीएलही पुरेसा नाही असे काही कंपन्यांना वाटले. मोठे क्लाउड विक्रेते आमचे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकतात आणि परत काही देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. डेटाबेस बनवणाऱ्या मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल हा परवाना आणला. या परवान्याखालील प्रोग्रॅम सेवा म्हणून देणाऱ्याने देखरेखीपासून बॅकअपपर्यंतचा, ती सेवा चालवण्यासाठी लागणारा सगळा कोड खुला करावा, अशी त्याची अट आहे. मुक्त स्रोत परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने त्याला मान्यता दिलेली नाही. पुढे २०२१ मध्ये इलॅस्टिकने, २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने आणि मार्च २०२४ मध्ये रेडिसने मुक्त परवाने सोडले. प्रत्येक वेळी जुन्या मुक्त आवृत्तीपासून नवी शाखा फुटली: ओपनसर्च, ओपनटोफू आणि व्हॅल्की. नंतर इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलच्या रूपाने मुक्त पर्याय पुन्हा दिला.

नवोदिताने यातून घ्यायची कृती अशी: जी आवृत्ती ज्या परवान्याखाली मिळाली, ती त्याच परवान्याखाली राहते, बदल पुढच्या आवृत्त्यांना लागू होतो. म्हणून घटक अद्ययावत करताना परवानाही पुन्हा तपासा, आणि ही तपासणी स्वयंचलित बांधणीतच बसवा, म्हणजे परवाना बदलताच बांधणी थांबेल. शिवाय एखादा प्रकल्प निवडताना त्याचा प्रताधिकार एकाच कंपनीच्या हाती एकवटलेला आहे की अनेक लेखकांत विखुरलेला आहे, हे पाहा. उदार परवाना किंवा सर्व लेखकांकडून घेतलेला हक्क-करार असेल, तर परवाना बदलणे कंपनीला सोपे जाते. लिनक्स कर्नलसारख्या हजारो लेखकांच्या प्रकल्पात ते जवळजवळ अशक्य असते.

आठवी पायरी: आपल्या कोडला परवाना द्या

परवाना देण्याआधी तो कोड तुमचा आहे का, हे पाहा. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. त्यामुळे नोकरी करताना एखाद्या मुक्त प्रकल्पात भर घालायची असेल, तर आपला करार वाचा आणि लेखी परवानगी घ्या. पुष्कळ मराठी तरुण रात्री उशिरा बसून मनापासून अशी कामे करतात. त्यांचे ते काम पुढे वादात सापडू नये, एवढ्यासाठी हे आवर्जून सांगावेसे वाटते.

निवड रचनेवरून करा. लायब्ररी सर्वत्र पोहोचावी असे वाटत असेल तर अपाची २.० किंवा एमआयटी, तिच्यातील सुधारणा परत याव्यात असे वाटत असेल तर एमपीएल २.०, आणि सर्व्हरवर चालणारे संपूर्ण ॲप असेल व ते खुलेच राहावे असे वाटत असेल तर एजीपीएल आवृत्ती ३. स्वतःचा परवाना लिहू नका. नोडच्या एनपीएम साधनाने नवा प्रकल्प सुरू करताना बराच काळ परवान्याच्या रकान्यात आयएससी आपोआप भरले जात असे, त्यामुळे तिथे काय लिहिले आहे ते तपासून स्वतःच्या निर्णयाप्रमाणे बदला.

नववी पायरी: तक्रार आली तर

परवान्याची अट म्हणजे नुसती विनंती, असा समज असेल तर तो सोडावा. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएल अंमलात आणण्याजोगा मानला. मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या एका सॉफ्टवेअरबाबत अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले की मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरू शकते.

म्हणून सूचना येताच उत्तर द्या आणि वितरण तात्पुरते थांबवा. जीपीएल आवृत्ती २ मध्ये अट मोडताच परवाना आपोआप संपतो. तिसऱ्या आवृत्तीत त्या हक्कधारकाकडून पहिल्यांदाच सूचना आली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली, तर परवाना कायमचा परत मिळतो. लिनक्स कर्नलच्या अनेक विकासकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये तीच सवलत आपल्या कोडलाही देण्याचे जाहीर केले. तीस दिवस पुरतील की नाही, हे तुम्ही आधी काय जपून ठेवले आहे यावर अवलंबून आहे. ग्राहकाला दिलेली नेमकी आवृत्ती, तिचा सोर्स कोड आणि तिची बांधणी करणाऱ्या स्क्रिप्ट लागतील, कारण जीपीएल स्क्रिप्टही मागतो. म्हणून दर प्रकाशनाला गिटमध्ये खूण करा आणि घटकांची यादी व इमेजची ओळख-संख्या त्या खुणेसोबतच नोंदवा.